मोरदऱ्याचे सात पिंजरे

१५ जून १९९८, पहाटे ५.१०
आजपासून रोज पहाटे उठून थिसिस. नवी डायरी, नवं पेन. १९९४च्या डायरीतही पहिल्या पानावर हेच लिहिलंय, पण तेव्हा शेजारच्या प्लॉटवर बोअरिंग चालू होतं.

युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. माझं रजिस्ट्रेशन १९८९चं. दोन एक्स्टेन्शन होऊन गेली. ही तिसरी आणि शेवटची. ३१ मे १९९९ पर्यंत थिसिस जमा झाला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द, पुन्हा अर्ज करता येणार नाही. साडेअकरा महिने आहेत. तेवढ्यात लोक घर बांधून राहायलाही जातात.

विषय पक्का आहे: शिंपल्यांवरून तलावातल्या धातूंचं प्रदूषण मोजणे. शिंपला बिचारा एका जागी पडून दिवसभर पाणी गाळत बसतो. पाण्यात जस्त, तांबं, शिसं, जे काही असेल ते त्याच्या अंगात साठत जातं. बारा आठवड्यांनी शिंपला उघडायचा, वाळवायचा, मशिनवर मोजायचा. पाण्यात कोणी काय टाकलं त्याचा हिशोब बाहेर. एस.वाय.च्या वर्गात हे मी दरवर्षी सांगतो आणि पोरं दरवर्षी खिडकीबाहेर बघतात.

५.४० चहा. ६.०० जरा पडलो.

२१ जून
पहाटेचं उद्यापासून. आज रविवार.

वरच्या मजल्यावर शेखर राहतो. माझा विद्यार्थी. गांडूळ कसं कापायचं हे त्याला मी शिकवलं. चार वर्षांत पीएच.डी. करून आला आणि त्याच कॉलेजात लागला. दारावर पितळी पाटी, त्यावर 'डॉ.' बाकीच्या नावापेक्षा मोठं. अख्ख्या इंदिरानगरात एवढी मोठी पाटी दातांच्या दवाखान्यालाही नाही. परवा एक बाई तापलेलं मूल घेऊन त्याच्याकडे निघाली होती. तो तसला डॉक्टर नाही, हे मी तिला जिन्यात थांबवून नीट समजावलं. मनीषा म्हणाली, तुम्हाला काय पडलंय. मला काहीच पडलेलं नाही.

१२ जुलै
तलाव सापडला. मोरदरे, निफाडच्या वाटेवरून आत. स्कूटरवर पाऊण तास. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खोदलेला. एका टोकाला नाला येतो, त्याच्यावर जस्त-तांब्याचा मुलामा देणारं प्लेटिंगचं एक वर्कशॉप आहे. दुसऱ्या टोकाला जिवंत झरा. म्हणजे घाण इकडून, स्वच्छ पाणी तिकडून. देवाने माझ्या थिसिससाठीच बनवलाय.

सात स्टेशनं ठरवली, प्रत्येकात दीडशे मीटर अंतर. स्टेशन एक नाल्याच्या तोंडाशी, स्टेशन सात झऱ्यापाशी. एकमध्ये धातू सगळ्यात जास्त, मग उतरत उतरत सातमध्ये शून्य. घरी येऊन ग्राफ काढून टाकला, तिरकी सुंदर रेघ. आता फक्त त्यावर आकडे बसवायचे बाकी.

९ ऑगस्ट
पाऊस. तलावाकडे जायचा रस्ता नाही. पहाटेचं वाचनही बंद, कारण अंथरुणातून उठलं की गुडघा धरतो. पाऊस थांबला की दुप्पट वेगाने.

१३ सप्टेंबर
पिंजरे तयार. पीव्हीसी पाइपची चौकट, नायलॉनची जाळी, नायलॉनचीच दोरी. एक खिळा नाही, तारेचा तुकडा नाही. धातू मोजायचाय तर पिंजऱ्यातून धातू येता कामा नये. बारीकसारीक गोष्टीत लोक चुकतात. मी नाही.

गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्यातून शिंपले आणले. पिंजऱ्यांसाठी १४०, तुलनेला २०. मोरीत प्लास्टिकच्या टबात ठेवलेत. पाणी बदलायला मनीषाची मदत मागितली आणि आधी अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र काढून ये म्हणालो. त्याला आज तिसरा दिवस. अजून बोलत नाही. शास्त्रात भावनेला जागा नसते हे तिला सांगणार होतो, पण डबा तीच भरते.

४ ऑक्टोबर
पिंजरे सोडले. काठावर एकेक कलिंगडाएवढा दगड, त्याला दोरी, दोरीला पिंजरा, पिंजऱ्यात वीस शिंपले. सात ठिकाणी सात. मी स्वतः गुडघाभर पाण्यात उतरलो. वाकायचं काम गोटीरामने केलं.

गोटीराम तिथलाच. झऱ्याजवळ त्याचं शेत, मेथी, पालक, थोडी शेवंती. रोज पहाटे पंचवटीच्या बाजारात माल आणतो. आमच्याकडे भाजी त्याच्याचकडून येते, तो ओळखीमुळे दोन जुड्या जास्त टाकतो. त्याची आई रंगूबाई काठावर बसून सगळं बघत होती. तिने विचारलं, त्या जनावरांना खायला काय घालता. मी म्हणालो काही नाही, पाण्यातलंच खातात. म्हातारीला ते पटलं नाही. बारा आठवडे उपाशी, म्हणाली, लय पाप हाय.

१८ ऑक्टोबर
तीन पिंजरे गायब. शिंपल्यांशी कुणाला काही देणंघेणं नाही, चोराला दोरी हवी होती. नायलॉनची आहे, पावसाने कुजत नाही. एक दोरी गावातल्या शेळीच्या गळ्यात बघितली. मी शेळीकडे बघत राहिलो, शेळी माझ्याकडे. मालक भिका म्हणाला, ही दोरी आमची वडिलोपार्जित हाय.

२५ ऑक्टोबर
पुन्हा शिंपले आणले, पुन्हा दोऱ्या, पुन्हा पिंजरे. शिवाय पत्र्याची पाटी: 'शास्त्रीय प्रयोग, हात लावू नये.' सात दिवसांत दोन पिंजरे आणि पाटी गेली. पाटी भिकाच्या कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून बसवली आहे. माप अगदी बरोबर बसलंय.

हा देश शास्त्राच्या लायकीचा नाही. दिवाळीत एक ओळ लिहिली नाही ती याच संतापामुळे.

१ नोव्हेंबर
माझं मलाच कौतुक वाटतंय. रंगूबाई सहज बोलून गेली की मोकळा दोर दिसला की नेत्यात, देवाचा असता तर कुनाची हिंमत हाय. मी तिथल्या तिथे स्कूटर वळवली, पंचवटीत गेलो, अर्धा किलो शेंदूर आणि तेल घेऊन परत आलो. सातही ठिकाणी नवे पिंजरे बांधले आणि सातही दगडांना हाताने शेंदूर फासला. चांगला जाड थर दिला. कोण हात लावतंय बघू.

शेखरसारख्यांना फक्त पुस्तकातलं कळतं. फील्डवर माणसं ओळखावी लागतात.

घरी आल्यावर सृष्टीने विचारलं, बाबा, शेंदरात काय असतं. ती बारावीला आहे, केमिस्ट्रीचं खूळ डोक्यात. मी म्हणालो, श्रद्धा असते. ती म्हणाली, तसं नाही, मटेरियल म्हणून. मी म्हणालो, बोर्डाच्या परीक्षेत येणार आहे का, नाही ना, मग अभ्यास कर.

१५ नोव्हेंबर
एकही दोरी गेली नाही. चार नंबरच्या दगडावर शेवंतीचं फूल. भिकाची शेळी आता साध्या सुताच्या दोरीला बांधलेली दिसली.

रंगूबाईने दगड मोजले. सात. मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की तलाव खोदायच्या आधी इथल्या ओढ्यावर साती आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचं, ठाणं होतं. पाणी भरलं आणि सातही जणी बुडाल्या. सव्वीस वर्सं झाली, म्हणाली, गावानं लय वाट बघितली. तुमच्या हातानं परत वर आल्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही. प्रयोगाला संरक्षण मिळतंय तर गैरसमज दूर करायची घाई कशाला.

६ डिसेंबर
दर पंधरा दिवसांनी जाऊन पाण्याचं तापमान घ्यायचं ठरलंय. पाठ धरली. थर्मामीटर गोटीरामला दिलाय. आज बाजारात भेटला, म्हणाला पानी लय गार हाय. मी १९ लिहिलं.

३ जानेवारी १९९९
पंचवटीत गोटीराम. म्हणाला, साहेब, म्हाताऱ्या बायांना तळ्याला वेढा घालून सात ठिकानी जायाला नाय जमत, गुडघं धरत्यात, म्हनून जरा सोय करून घेतली, तुमच्या जनावरांना काही तरास नाय. काटेरी झुडपं तोडून वाट केली असणार. मी म्हणालो, छान केलंत. लोकसहभाग हा शब्द थिसिसच्या आभारात घालणार आहे.

संक्रांतीनंतर स्वतः जाऊन यायचंच.

२४ जानेवारी
बारा आठवडे पूर्ण. निघालो होतो, पण स्कूटरची क्लच वायर तुटली. खरं म्हणजे तुटायला आली होती, पण रिस्क कशाला. गोटीरामला निरोप होताच. सकाळी तो मेथीच्या पाटीत सात पिशव्या घेऊन आला. प्रत्येकीला चिंधी, चिंधीवर कोळशाने एक ते सात आकडे. १४० पैकी १३८ शिंपले जिवंत. एवढे जगल्याचं माझ्या वाचनात कुठेच नाही. गोटीराम म्हणाला, आईनं रोज पानी वाहिलं ना.

फ्रीजर भरला. सृष्टीचं आइस्क्रीम बाहेर काढावं लागलं.

७ फेब्रुवारी
दोन दिवस शिंपले उघडतोय. स्टीलची सुरी नाही, प्लास्टिकची. वाढदिवसाच्या केकबरोबर येते ती. एकेका शिंपल्याला वीस मिनिटं लागतात. मग मनीषाच्या ओव्हनमध्ये वाळवणे. त्यात माझी चूक एवढीच की खिडकी उघडी ठेवली. सोसायटीचे चेअरमन येऊन गेले. शेखरनेही वरून डोकावून विचारलं, सर, काही मदत हवी का. मी म्हणालो, तुला वास सहन होत नसेल तर खिडकी लाव.

मनीषा म्हणते, डिग्री मिळेपर्यंत माहेरी जाते. मार्चपर्यंतच गं, म्हणालो.

२० फेब्रुवारी
पुण्याला गाईडसरांकडे नमुने पोचवले. त्यांच्या ओळखीच्या लॅबमध्ये मशिन आहे. नमुन्याचा एवढासा थेंब जळतो आणि आकडा येतो. सरांनी विचारलं, पिंजऱ्यात धातू नाही ना. मी अभिमानाने सांगितलं, सर, बायकोचं मंगळसूत्रसुद्धा जवळ येऊ दिलं नाही.

१२ मार्च
रिपोर्ट आला. तीनदा वाचला.

जस्त: जेमतेम. तांबं: जेमतेम. म्हणजे त्या वर्कशॉपचं पाणी बरंच साफ असावं, हा जरा धक्काच. पण शिसं. शिसं प्रचंड, अपेक्षेच्या चाळीसपट. धरणातल्या तुलनेच्या शिंपल्यांत नावालाही नाही आणि मोरदऱ्याच्या सातही स्टेशनांत भरपूर. आणि सगळीकडे जवळजवळ सारखंच. एक नंबर असो की सात.

माझी तिरकी रेघ गेली. थोडा वेळ वाईट वाटलं. मग लक्षात आलं, हे त्याहून मोठं आहे. तलावात सगळीकडे एकसारखं शिसं म्हणजे ते नाल्यातून आलेलं नाही, हवेतून पडतंय. आग्रा रोडवरच्या गाड्यांच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं, वारा आणतो. थिसिसचं नाव बदलावं लागेल. पेपरात येईल. शेखर माझं नाव घेऊन शिकवील.

आडवी रेघ काढून ठेवली.

१९ मार्च
सरांचा फोन. म्हणाले, निरगुडे, वारा एवढा इमानदारीने वाटून देत नाही. झऱ्याच्या टोकाला आणि नाल्याच्या टोकाला एकच आकडा कसा. पिंजऱ्यांत अंतर किती. मी म्हणालो दीडशे मीटर. त्यांनी विचारलं, स्वतः शेवटचं कधी बघितलं. लाइनमध्ये खरखर होती. नंतर थांबली, तेव्हा सर म्हणत होते की चार तारखेला मीच येतो.

येऊ देत. पुण्याचा माणूस फील्डवर आला की मला बरं वाटतं.

४ एप्रिल, रात्री
नेमकं लिहितो, म्हणजे नंतर डोक्यात गोंधळ राहणार नाही.

सर गाडी घेऊन आले. मी नाल्याच्या टोकाला नेलं. स्टेशन एकवर दगड नाही, दोरी नाही, फक्त जमिनीत दगडाएवढा खड्डा. दोनवर तसाच. तीनवर तसाच. सर माझ्याकडे बघत नव्हते, मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. असं करत तलावाला वळसा घालून झऱ्यापाशी पोचलो.

तिथे पायऱ्या आहेत. पायऱ्यांवर सात दगड एका ओळीत, शेंदराने लालभडक, डोळे लावलेले, हिरवा खण, बांगड्या, नारळ. सातही दोऱ्या समोरच पाण्यात सोडलेल्या, पिंजरा पिंजऱ्याला घासतोय. सात स्टेशनं चार हात जागेत. बायका दगडांना स्नान घालत होत्या आणि ते पाणी लाल होऊन पायरीवरून नेमकं पिंजऱ्यांवर उतरत होतं. दोन पायऱ्या खाली गोटीराम बाजाराचा पालक धूत होता.

तो आनंदाने वर आला. म्हणाला, साहेब, सोय केली म्हनलो होतो ना, मार्गशीर्षातच सगळ्या आया एके ठिकानी आनल्या. पिंजऱ्यांचा नंबर इकडंतिकडं होऊ दिला नाय.

सरांनी बूट काढले, सातही दगडांना नमस्कार केला आणि विचारलं, शेंदूर कोण लावतं. रंगूबाई म्हणाली, आता दर मंगळवारी अन् अवसेला गाव लावतंय, पन पयला शेंदूर ह्या साहेबांनी लावला. असं माझ्याकडे बोट करून, कौतुकाने.

सर चहा प्यायले. परतीच्या वाटेवर निफाड फाट्यापाशी एवढंच म्हणाले, शेंदूर कशाचा असतो ते बघा. मी म्हणालो, सर, वनस्पतीचा असणार.

६ एप्रिल
सृष्टीने पुस्तक आणून टेबलावर ठेवलं, पान उघडून. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. म्हणाली, मी तुम्हाला नोव्हेंबरात विचारलं होतं. मी म्हणालो, परीक्षा संपली आता, पुस्तकं रद्दीत काढ. ती गेली नाही. उभी राहिली.

ती गेल्यावर रिपोर्ट पुन्हा काढला. शिंपले बरोबर होते. मशिन बरोबर होतं. गोटीरामचे नंबर बरोबर होते. मोरदऱ्याच्या तलावात शिसं कोणी टाकलं, हे १३८ साक्षीदारांनी एकमताने सांगितलं होतं आणि मी दोष पेट्रोलला देत होतो. खिळा नको, तार नको, मंगळसूत्र नको, आणि मग अर्धा किलो शेंदूर स्वतःच्या हाताने.

लाज वाटली. इथे लिहायला हरकत नाही. खूप लाज वाटली.

१८ एप्रिल
सरांना पत्र टाकलं होतं की प्रयोग पुन्हा करतो, या वेळी शेंदराशिवाय, आणि लवकर आटपतो. कार्ड आलं. एक ओळ: शिंपल्यांना बारा आठवडे लागतातच, घाई तुम्हाला आहे, त्यांना नाही.

आज पिंजरे सोडले तरी बारा आठवडे जुलैत संपतात. मी कॅलेंडर उलटसुलट करून पाहिलं. मे महिन्याला एकतीसच दिवस आहेत.

२ मे
पीएच.डी. म्हणजे सगळं आयुष्य नाही. माणसाने एक काम तरी धड करावं. मोरदऱ्याला जाऊन खरं सांगायचं. सृष्टी रोज विचारते, त्यांना सांगितलंत का. तिथे भाजी धुतात, पोरं पोहतात, तीच भाजी आपण खातो. शिसं हळूहळू अंगात साठतं आणि लहान मुलांच्या डोक्यावर परिणाम करतं, तुम्हीच शिकवता ना. हो, मीच शिकवतो.

गोटीरामचा निरोप आला. पंधरा तारखेला अमावस्या, आसरांचा पहिला उत्सव, साहेबांनी यायचंच. उत्तम. सगळं गाव एका जागी भेटेल. श्रद्धेला धक्का न लावता सांगणार: आसरा राहू द्या, पूजा राहू द्या, फक्त शेंदराऐवजी हळद-कुंकू वाहा आणि भाजी दुसऱ्या टोकाला धुवा. दोन वाक्यांचं काम आहे. चार पानी भाषण लिहिलं.

१० मे
भाषण आरशासमोर म्हटलं. मनीषा दारात उभी राहून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, चांगलं आहे हो. गेल्या सप्टेंबरपासून पहिल्यांदा तिने माझ्या कामाला चांगलं म्हटलं. आज संध्याकाळी सहापर्यंत पाठ करणार.

१५ मे
गेलो. वेशीपासून वाजंत्री. रंगूबाईने ओवाळलं. शंभर-दीडशे माणूस. भाषण शर्टाच्या खिशात.

पायऱ्यांपाशी नवी फरशी, वर पत्र्याचा मांडव, आणि मांडवाला पाटी. साती आसरा देवस्थान, मोरदरे. त्याखाली: प्रथम पूजन, डॉ. भारत निरगुडे, नाशिक. पिवळ्या रंगात. 'डॉ.' बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठं. शेखरच्या पाटीपेक्षाही मोठं. मी डोळ्यांनीच मोजलं.

गोटीरामला बाजूला घेऊन म्हणालो, अहो, मी अजून डॉक्टर नाही. तो म्हणाला, एवढी वर्सं तळ्यात उतरून शिकलात साहेब, तुमी नाय तर कोन डॉक्टर. भिका मागून म्हणाला, डाक्टरसायेब, इकडं सावलीत बसा. मग सगळेच डॉक्टरसाहेब म्हणू लागले. एका बाईने तापलेलं मूल माझ्यासमोर धरलं. मी त्याच्या कपाळाला हात लावला.

मग रंगूबाई वाटी घेऊन आली. तेलात कालवलेला शेंदूर. म्हणाली, पयला हात तुमचाच. भाषण खिशात होतं. पहिलं वाक्य मला पाठ होतं, दुसरंही पाठ होतं. मी पाटीकडे बघितलं.

सातही दगडांना लावला. सातव्याला थोडी जागा उघडी राहिली होती, तिथे दुसरा हात फिरवला.

निघताना गोटीरामने पालकाची मोठी पिशवी दिली.

घरी मॅच चालू होती. वर्ल्ड कप, आपली पहिलीच, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. आपण हरलो. बोटं साबणाने घासली, घासलेटने पुसली, नखांतलं केशरी निघत नाही.

३१ मे, संध्याकाळी
पाच वाजता युनिव्हर्सिटीचं ऑफिस बंद झालं असेल. रजिस्ट्रेशन रद्द. शेखर जिन्यात भेटला, त्याने काही विचारलं नाही, नमस्कार सर म्हणाला आणि वर गेला. टबातले उरलेले शिंपले उद्या गंगापूरला सोडून येणार. नक्की.

गोटीराम सकाळी पालक देऊन गेला. सृष्टी मोरीत बसून तो धूत होती. एकेक पान वेगळं करून, नळाखाली, मागून पुढून. मेचं पाणी, दोन तास येतं, तरी मनीषाही तिला काही बोलली नाही. मीच म्हणालो, एवढं कशाला धुतेस गं.

ती म्हणाली, तुम्ही त्यांना सांगितलंत ना बाबा.

मी म्हणालो, हो.

तिने माझ्या नखांकडे बघितलं आणि पुढचं पान घेतलं.